टोच्याचा घाव

मित्रांनो, माझ्या झाकणाला एक भोक आहे. तुमची करंगळी आत जाईल एवढे. ते उंदराने कुरतडलेले नाही की उन्हाने तडकलेले नाही. एका माणसाने रागाच्या भरात बर्फ फोडायच्या टोच्याने ते पाडले आहे. नवखी मुले मला कधी पाण्याचा डबा समजतात, कधी मासे ठेवायची पेटी. मी लसीची पेटी आहे. आता म्हातारी झाले आहे, निळा रंग विटून राखाडी होत चालला आहे. गोष्ट ऐकणार असाल तर जवळ या, पण आधीच सांगून ठेवते, हिच्यात मारामारी आहे, आग आहे, रक्तही आहे. ते गाळून सांगता आले असते तर मलाही बरे वाटले असते.

माझा जन्मच मुळी मारझोडीत झाला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून मला साच्यात दाबले. माझ्या भिंती दुहेरी आहेत. मधल्या पोकळीत दोन द्रव ओतले. ते एकमेकांना भेटताच खवळले, फसफसून फुगले आणि फेस होऊन घट्ट बसले. त्या फेसात असंख्य बारीक बुडबुडे आहेत. बाहेरची उष्णता त्यांतून वाट काढता काढता दमून जाते. माझी सारी विद्या एवढीच. मग परीक्षा झाली. मला छातीएवढ्या उंचीवरून फरशीवर आपटले, आधी तळावर, मग कडेवर, मग कोपऱ्यावर. शेजारची माझी बहीण कोपऱ्यावर पडली आणि फुटली. तपासणाऱ्याने तिला पायाने बाजूला सारले आणि माझ्यावर शिक्का मारला. मला वाटले, चला, आयुष्यातला सर्वांत मोठा मार खाऊन झाला. किती भाबडी होते मी!

मला घेऊन हिंडणारी होती सिस्टर. साऱ्या वस्तीत तिला सिस्टर हेच नाव होते. ती उंचीने बुटकी, चालायला झपाझप आणि बोलायला तिखट. रोज सकाळी ती दवाखान्याच्या फ्रीझरमधून बर्फाची पाकिटे काढी, टेबलावर ओळीने मांडी आणि नुसती बसून राही. पाकिटांवर आधी पांढरे धुके धरायचे, मग त्यांना घाम फुटायचा. मग ती एकेक पाकीट कानाशी धरून हलवी. आत पाणी खुळखुळले तरच ते पाकीट माझ्या पोटात जाई.

बाहेर गाडीचा चालक हॉर्न वाजवून वाजवून कंटाळे. "सिस्टर, बर्फाशी काय गुपितं बोलताय? ऊन डोक्यावर आलं!"

"तो अजून बोलत नाहीये," सिस्टर म्हणे. "बोलला की निघू."

यात वेडेपणा नव्हता. मला थंड ठेवायचे, पण गोठू द्यायचे नाही, अशी ती कसरत होती. माझ्यातल्या काही लसी उन्हाने मरतात तशा बर्फानेही मरतात, आणि बर्फाने मेलेली लस पुन्हा जिवंत होत नाही. दगडासारखे कडक पाकीट कुपीला चिकटून बसले, तर त्या कुपीत उरते नुसते ढवळलेले पाणी. आत पाणी खुळखुळू लागले, म्हणजे बर्फ वितळायच्या बेताला आला, आता तो लसीला गोठवणार नाही. मित्रांनो, एवढ्या एका आवाजावर किती जीव टांगलेले असतात, ते मला पुढे कळले.

लहान बाळांच्या लसी तर मी नेतच असे. पण सिस्टरचा खरा जीव शाळेच्या दिवसांत. दहा वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या मुलामुलींना धनुर्वाताची सुई द्यायची असे. कधी माझ्यात रुबेलाची लस असे. रुबेला म्हणजे मुलीला आला तर चार दिवसांचा बारीक ताप आणि पुरळ. पण तोच गरोदर बाईला झाला, तर पोटातले मूल आंधळे, बहिरे, हृदयाला भोक घेऊन जन्मू शकते. आणि गरोदरपणी ती लस देत नाहीत, म्हणून आधीच घ्यावी लागते. कधी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लस असे, तीही कोवळ्या वयातच घ्यायची. "तुम्हाला वाटतं ही सुई तुम्हाला मारतेय," सिस्टर मुलींना सांगे. "अगं, ही तुमच्या घरात पुढे जे कोणी यायचंय ना, त्याच्या दाराला आत्ताच कडी लावतेय."

ती हे सांगत असे तेव्हा मागच्या बाकावर एक मुलगी हसत असे. ती बर्फगल्लीतली. तिचा बाप बर्फाच्या कारखान्यात हमालांचा मुकादम. माणसाएवढ्या लाद्या आकड्याने ओढायच्या, टोच्याने फोडायच्या, भुशात घोळून गोणपाटात बांधायच्या, हे त्याचे काम. दिवसभर बर्फात म्हणून लोक त्याला थंडोबा म्हणत, आणि म्हणताना जीभ चावत, कारण स्वभावाने तो निखारा होता. शिवी आधी, विचार मागून. त्याच्या मुलीला सगळी शाळा ठिणगी म्हणे.

एके दिवशी सिस्टर वर्गात धनुर्वात कसा असतो ते सांगत होती. "जंतू मातीत झोपलेले असतात. गंजामुळे हा रोग होतो म्हणतात ते खरं नाही. गंजाच्या खाचांत जी घाण बसते ना, तिच्यात ते असतात. घाणेरड्या सुरीनं बाळाची नाळ कापली, की ते आत शिरतात. बाळ पहिले दोन दिवस छान दूध पितं. मग एके दिवशी त्याचं तोंडच उघडत नाही. भूक असते, रडायचं असतं, पण जबडा आवळलेला. नंतर दार वाजलं, उजेड पडला, कोणी हात लावला, की सगळं अंग ताणलं जातं. पाठ धनुष्यासारखी वाकते. टाच आणि डोकं तेवढं टेकलेलं."

ठिणगीचे हसू विझले होते. ती उठून उभी राहिली.

"माझा दादा असाच गेला," ती म्हणाली. "माझ्या आधीचा. आठव्या दिवशी. आजी म्हणते, नजर लागली."

"नाळ कोणी कापली होती गं?"

"बाबांनी. गोणपाट कापायच्या सुरीनं. सुईण यायच्या आतच तो झाला म्हणे."

सिस्टरने तिला जवळ घेतले. "तुझ्या आईनं त्यानंतर शहाणपणा केला. तुझे लहानपणचे सगळे डोस घेतले, कोणाशी न भांडता, कोणाला न विचारता. दहाव्या वर्षीची सुई मी दिली, याच पेटीतली. आता सोळाव्या वर्षीची राहिलीय. तेवढी झाली की तुझी तटबंदी पुरी. मंगळवारी येते मी."

मंगळवारी शाळेच्या व्हरांड्यात मुलींची रांग लागली. ठिणगी मध्यावर होती, बाही वर करून. तिच्या पुढे एक लाकडी पट्टीसारखी सडसडीत मुलगी, सकाळपासून उपाशी, भीतीने पांढरी पडलेली. तिच्या दंडाला सुई लागलीही नव्हती, कापसाचा बोळा तेवढा लागला होता. तेवढ्यानेच ती धाडकन कोसळली. अशी मुले घाबरून चक्कर येऊन पडतात, पाय वर करून निजवले की उठतात. सिस्टरने तेच केले. पण फाटकाबाहेर उभ्या असलेल्या कोणीतरी ते पाहिले आणि बाजाराकडे धावत सुटले: "पोरगी मेली! सुई टोचून मारली!"

मित्रांनो, आग लागायला काडी लागते, अफवेला तीही लागत नाही. मासळीच्या ओट्यांपर्यंत पोचेतो एका मुलीच्या चार झाल्या. बर्फगल्लीत पोचेतो सुई वांझ करायची झाली.

आधी दगड आले. वर्गाच्या काचा फुटून बाकांवर सांडल्या. मग फाटक कडाडले आणि माणसे आत घुसली. शिपाई आडवा झाला, त्याच्या डोक्यात काठी बसली आणि तो भिंतीला धरून खाली घसरला. भिंतीवर त्याच्या मागे लाल पट्टा उमटला. मुलींच्या किंकाळ्या, टेबल उलटल्याचा आवाज, सिरिंजांवर पाय पडल्याची करकर. सिस्टरने मला छातीशी कवटाळले आणि पाठ भिंतीला लावली.

गर्दी फाडून थंडोबा आला. तो गाडी भरत होता तसाच धावत आला होता. अंगाला भुसा, हातात टोच्या. त्याला बाही वर केलेली आपली मुलगी दिसली आणि त्याच्या डोळ्यांत रक्त चढले.

"बाजूला हो! माझ्या पोरीला वांझ करतेस?"

"ऐका तरी, अहो, ती मुलगी नुसती चक्कर..."

त्याने ऐकले नाही. त्याचा हात वर गेला. लादीच्या मध्यावर एक घाव घालून ती दुभंगणारा तो हात होता. टोच्या माझे झाकण फोडून, फेस चिरून पोटात उतरला. आतल्या काही कुपी फुटल्या. मी सिस्टरच्या हातात होते, त्या धक्क्याने तिचे मनगट माझ्या आणि भिंतीच्या मध्ये चेपले. हाड मोडल्याचा आवाज मी अंगावर ऐकला. कोरड्या काटकीसारखा असतो तो.

"बाबा!" ठिणगी ओरडली. एवढ्या गोंगाटात तो आवाज सुरीसारखा घुसला. "बाबा, ते दादाचं औषध होतं! तुम्ही दादाचं औषध फोडलंत!"

थंडोबाचा हात टोच्यावर तसाच राहिला.

"काय बोलतेस?"

"दादाचं तोंड उघडत नव्हतं ना? पाठ वाकली होती ना? ती नजर नव्हती, धनुर्वात होता. नाळेतून शिरला. त्याचं औषध त्या पेटीत होतं!"

तो आपल्या मुलीकडे पाहत राहिला. मग टोच्या माझ्या पोटातच सोडून त्याचा हात खाली आला. त्याच वेळी मागून एकजण काठी उगारून सिस्टरवर आला. थंडोबाने ती काठी हवेतच धरली, काढून घेतली आणि त्याच काठीने त्याला व्हरांड्याबाहेर लोटले. मग तो सिस्टरसमोर उभा राहिला, आपल्याच गल्लीच्या विरुद्ध. त्याला दगड लागला, कपाळ फुटले, ओठ फाटला. तो हलला नाही. "या!" तो ओरडत होता. "आणखी या! आधी मला फोडा!" एवढ्यात ती सडसडीत मुलगी चटईवर उठून बसली आणि तिने पाणी मागितले. तिचा काकाच गर्दीत दगड घेऊन उभा होता. त्याने तो दगड हळूच पायाशी ठेवला, जणू दुसऱ्या कोणाचा होता. मग एकेकजण पाय काढू लागला.

सिस्टरला प्लॅस्टर घालायला नेले. मी उलटी पडले होते. माझ्या पोटात काही कुपी अजून शाबूत होत्या. थंडोबाने टोच्या उपसला, मला उचलले आणि तो कारखान्याकडे पळाला. त्याला वाटले, थंड ठेवायचे असते ना? मग आपल्याइतके थंड कोण ठेवणार! त्याने त्या कुपी फडक्यात गुंडाळल्या आणि जिथे लाद्या जमतात त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत लोंबत सोडल्या. ते पाणी बर्फाहूनही थंड असते. एखाद्या स्वयंपाक्याने प्रेमाने मीठ जास्त घालावे, तशी ती चूक होती. बर्फाचा माणूसच ती करू शकत होता.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला. कपाळाला पट्टी, एका बगलेत मी, हातात ते फडके. मोठ्या ऐटीत त्याने कुपी टेबलावर ठेवल्या. "घ्या. एकही गरम होऊ दिली नाही. दगड केल्यात दगड!"

गळ्यात हात बांधलेली सिस्टर त्यांच्याकडे पाहत राहिली. "थंडोबा, मारल्यात की हो तुम्ही यांना."

"मी? काल फोडल्या त्या फोडल्या. पण या तर जपल्या!"

सिस्टर त्या कुपी कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकू लागली, तसा तो उसळला. त्याची मूठ टेबलावर आदळली, मीसुद्धा दचकले. "दादाचं औषध कचऱ्यात टाकता? पोरीला काय देणार मग?"

"बसा. ओरडू नका, माझं हाड दुखतं तुम्ही ओरडलात की." तिने त्याच्या कुपींपैकी एक हातात धरून वितळू दिली. सकाळीच आलेल्या नव्या साठ्यातली दुसरी कुपी घेतली. दोन्ही एकदम हलवल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. "नुसतं बघा."

दोन्ही आधी दुधट दिसत होत्या. थोड्या वेळाने गोठलेल्या कुपीत पुंजके दिसू लागले, फाटलेल्या दुधासारखे, आणि ते खाली बसत गेले. वर नितळ पाणी उरले. नवी कुपी तशीच एकसारखी ढगाळ होती. थंडोबाने टेबलावर हनुवटी टेकवली आणि लहान मुलासारखा पाहत राहिला.

"मी ही कुपी टोचली असती, तर ठिणगीला सुई लागली असती, रक्त आलं असतं, आणि मिळालं असतं शून्य," सिस्टर म्हणाली. "बर्फ किती थंड हे तुम्हाला कळतं. किती थंड पुरे, हे लस सांगते." तिने एक पाकीट त्याच्या कानाशी धरले. "ऐका. काही ऐकू येतं?"

"नाही."

"मग थांबा."

तो थांबला. बर्फगल्लीतल्या कोणी त्याला आयुष्यात कधी थांबलेला पाहिला नव्हता. पाकिटाला घाम फुटला, थेंब त्याच्या मनगटावरून ओघळला. त्याने पुन्हा हलवून ऐकले आणि त्याचे डोळे मोठे झाले. "खुळखुळलं!"

पुढच्या शाळेच्या दिवशी तो स्वतः ठिणगीला घेऊन रांगेत उभा राहिला. सुई दंडात गेली तेव्हा ती हसत होती आणि तो भिंतीकडे तोंड करून खाली बसला होता.

"वा रे वा!" प्लॅस्टरवाल्या हाताकडे बोट दाखवत सिस्टर म्हणाली. "हातभर टोच्या चालवताना काही वाटलं नाही, आणि एवढीशी सुई पाहून भोवळ?"

ती कुपी माझ्या पोटातली नव्हती, मित्रांनो. नवी पेटी आली होती. झाकणाला भोक पडल्यावर माझी विद्या संपली. थंडी त्यातून निसटून जाते. मला मोडीत काढले. तेव्हा थंडोबा म्हणाला, "मला द्या. मीच मारली, मीच सांभाळतो."

सांभाळले म्हणजे काय, तर कारखान्याच्या कोपऱ्यात ठेवले आणि हत्यारे भरली. आकडा, सुतळ्या, गोणपाट कापायची ती जुनी सुरी, आणि ज्याने मला भोसकले तो टोच्या. आधी माझ्या पोटात जीव वाचवायच्या वस्तू होत्या, आता जीव घ्यायच्या. ओलसर भुसा माझ्यात कुजला. सुरीवर गंज चढला आणि गंजाच्या खाचांत माती बसली. तिच्यात कोण झोपले आहे ते मला ठाऊक होते. पण पेटीला कोण विचारतो?

वर्षे गेली. ठिणगीचे लग्न झाले, ती बाळंतपणासाठी आईकडे आली, आणि त्याच सुमारास शहरातल्या दोन टोळ्यांचे वैर पेटले. दुकाने जळू लागली. रस्त्यांवर टायर, काचा, चपला. दवाखानाही जाळला. गरोदरपणातली सुई घ्यायला ठिणगी दोनदा गेली होती, दोनदा वाटेतूनच परत आली. एकदा तर रिक्षावर दगड पडले. सिस्टर एका गोदामात रुग्ण पाहत होती, पण गोदाम बाजाराच्या पलीकडे होते, आणि बाजार जळत होता.

एका दुपारी जमाव बर्फगल्लीत घुसला. थंडोबाने बायकोला आणि ठिणगीला कारखान्यात आणले, कारण त्याच्या भिंती जाड होत्या. शटर ओढले. बाहेर लाठ्या शटरवर बदडत होत्या. त्या धडधडीतच ठिणगीच्या कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरायचे होते, पण बाळाला कोण समजावणार? गोणपाटांवर जुन्या साड्या अंथरल्या. तिचे ओरडणे बाहेरच्या आरडाओरड्यात मिसळून जात होते. कोण मारते आहे आणि कोण जन्मते आहे, आवाजावरून कळत नव्हते.

बाळ आले. मुलगी होती. आणि जवळजवळ त्याच क्षणी खिडकीतून पेटता बोळा आला, मागोमाग दगड, आणि मागच्या भिंतीवरची नळी फुटली. बर्फ जमवणारा अमोनिया त्या नळीतून फिरतो. शिट्टीसारखा आवाज झाला आणि नाकाडोळ्यांत आग ओतल्यासारखे झाले. थंडोबाने ओले गोणपाट तोंडाला बांधले आणि तो झडप बंद करायला धावला. पण आत कोंडलेला वायू पसरतच होता. बाहेर पडायलाच हवे होते, लगेच. बाळ अजून नाळेने आईला बांधलेले.

थंडोबाच्या बायकोने, म्हणजे आता बाळाच्या आजीने, माझे झाकण उघडले आणि हाताला लागली ती सुरी काढली.

थंडोबा खोकत परत येत होता. त्याने तिच्या हातात ती पाहिली. "ती नको! अगं, ती सुरी नको! तिनंच तर..."

"मग दातानं तोडू?" आजी ओरडली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "इथं दोघी मरतील!"

तिने नाळेला दोन ठिकाणी सुतळी आवळली आणि मधोमध कापले. थंडोबाने ठिणगीला पाठुंगळी मारले, आजीने बाळ पदराखाली घेतले, आणि मागच्या दाराने ते भुशाच्या आवारातून निसटले. मी उघड्या झाकणाने तिथेच राहिले. ज्या पोटातून त्या मुलीच्या आईला दहाव्या वर्षी सुई मिळाली, त्याच पोटातून आज हे पाते निघाले होते.

कारखाना बंद पडला. थंडोबा हत्यारे न्यायला आला तेव्हा मलाही घरी घेऊन गेला. पाळण्याशेजारी मला ठेवले आणि माझ्यावर बसून राहिला. पुढचे दिवस तो माझ्यावरून उठलाच नाही म्हणा ना. बाहेर संचारबंदी, आत हा पहारा. बाळ दूध प्यायला लागले की तो वाकून तिचा जबडा पाहायचा. दार वाजले की दचकायचा, पण बाळाकडे पाहत. तिचे अंग ताणले जाते का? भिंतीशी सूर्याचा कवडसा सरकला की तो हाताने अडवायचा. तिची पाठ तो तळव्याने चाचपून बघे, सरळ आहे का.

"बाबा, झोपा की थोडं," ठिणगी म्हणायची.

"मागच्या वेळी झोपलो होतो," तो म्हणायचा.

आठव्या दिवशी संचारबंदी थोडी उठली आणि सिस्टर आली, राखेने काळे झालेले पाय घेऊन. तिचे मनगट अजूनही जरा वाकडेच होते. तिने आधी नाळेची जागा पाहिली, मग सुरीची हकीकत ऐकली आणि तिचा चेहरा उतरला. बोट स्वच्छ धुऊन तिने ते बाळाच्या ओठांना लावले. थंडोबा उभा राहिला. त्याच्या मुठी वळल्या होत्या. पण मारणार कोणाला?

बाळाने तोंड उघडले आणि ते बोट इतक्या जोरात ओढले की सिस्टर "आई गं!" म्हणाली. मग दूध नाही हे कळल्यावर त्या मुलीने असा टाहो फोडला की शेजारचा कुत्रा भुंकू लागला.

थंडोबा खाली बसला. माझ्यावरच बसला, पण असा की माझ्या भिंती करकरल्या.

"हिच्या अंगात रक्षक आहेत," सिस्टर म्हणाली. "आईच्या रक्तातून नाळेवाटे हिला मिळालेले. लहानपणचे डोस, दहाव्या वर्षीचा, सोळाव्या वर्षीचा. ते सगळे ठिणगीनं साठवले आणि पोटातल्या पोटात हिला दिले. सुरी येण्याच्या आधीच पोचले ते." मग तिचा नेहमीचा तिखट सूर परत आला. "पण ऐका, लस घेतली म्हणजे घाण सुरीला परवाना मिळाला असं नाही. ती सुरी पुन्हा दिसली तर तुमची नाळ कापीन मी!"

त्या संध्याकाळी थंडोबाने मला रिकामे केले. टोच्या आणि आकडा कामाचे होते, ते भिंतीला टांगले. सुरीचे पाते त्याने मोडले आणि भट्टीवाल्याला देऊन वितळवून टाकले. मग मला घासून धुतले, उन्हात वाळवले, आणि सिस्टरच्या गोदामात आणून ठेवले. "बसायला होईल कोणाला," तो म्हणाला.

मित्रांनो, तेव्हापासून मी बसायला आहे. दवाखाना पुन्हा बांधला. या सगळ्याला आता दहा वर्षे झाली. शाळेच्या दिवशी मला रांगेच्या तोंडाशी ठेवतात. जी मुले घाबरतात ती माझ्यावर बसतात, पाय हलवतात आणि झाकणातल्या भोकात बोट घालतात. तुम्हीही याल एक दिवस. पोटभर जेवून या, भीती वाटली तर तसे सांगा, पण रांग सोडून पळू नका. तुम्ही घेतलेली सुई तुमच्यापाशीच थांबते असे समजू नका. तुमच्यातल्या मुलींकडून ती अशा कोणाकडे पोचेल, ज्याला अजून चेहरासुद्धा नाही. आणि कोणी धावत येऊन म्हणाले, "पोरगी मेली," तर आधी जाऊन बघा. बहुतेक ती पाणी मागत असेल.

आज सकाळी माझ्यावर एक मुलगी बसली होती. वय दहा, आवाज असा की शेजारचा कुत्रा अजून दचकतो. तिचा म्हातारा आजोबा शेजारी उभा होता, पाकिटे कानाशी धरून एकेक तपासत. आता हे काम सिस्टर त्याच्यावरच सोपवते.

"आजोबा, हे भोक कोणी पाडलं?"

त्याने पाकीट खाली ठेवले. सिस्टर सिरिंज हातात घेऊन थांबली. रांगेतल्या मुली ऐकत होत्या.

"मी," तो म्हणाला.

"का?"

"ऐकलं नाही म्हणून." मग त्याने पाकीट पुन्हा उचलले आणि ते नातीच्या कानाशी हलवले. "तू ऐक. खुळखुळतंय?"

तिने डोळे मिटून ऐकले, मान हलवली, आणि बाही वर केली.